एक वाजताची गरम भाकर

भोकरदन सोडून जालन्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला कारभारी पुंगळेचं गॅरेज लागतं. गॅरेज म्हणजे चार लोखंडी खांब, वर पत्रे, पुढं एक लिंबाचं झाड आणि झाडाखाली कुठल्याशा जीपचं काढून आणलेलं सीट. कारभारी त्या सीटवर बसतो. वय चौपन्न, डोक्यावर केस नावाला, अन् तरी लिंबाच्या बुंध्याला त्यानं जीपचा साइडचा आरसा खिळ्यानं ठोकलेला आहे. कुणी विचारलंच तर म्हणतो, भांग पाडायला लागतो. भांग पाडायला डोक्यावर आहे काय तुझ्या, असं त्याला आजवर कुणी तोंडावर म्हटलं नाही, पण म्हणायला हवं होतं. तो आरसा कशासाठी आहे हे आख्ख्या रस्त्याला ठाऊक आहे. त्या आरशात पलीकडचं गॅरेज दिसतं.

पलीकडचं गॅरेज आदिनाथ गावंडेचं. आदिनाथ हा कारभारीचा साडू. कारभारीची बायको दैवशाला ही थोरली बहीण, आदिनाथची शीतल ही धाकटी. अन् गंमत ऐका, शीतलसाठी हे स्थळ आणलं कुणी? कारभारीनंच! मुलगा चाकणला कंपनीच्या वर्कशॉपात आहे, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, आपल्याच लाइनीतला आहे, असं सासूला चार खेपा घालून पटवलं. लग्नात मांडवभर मिरवला. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

आता कारभारी मिस्त्री कसला होता तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल माणूस नुसताच जळका होता. तसं नाही. जुन्या जालन्यात एका उस्तादाच्या हाताखाली त्यानं सात वर्षं काढली. उस्ताद पाना हातात द्यायच्या आधी ऐकायला शिकवायचा. हातभर लांब पेचकस घ्यायचा, त्याचं टोक चालू इंजिनला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. "गाडी झूट नहीं बोलती," उस्ताद म्हणायचा, "सुननेवाला चाहिए." कारभारी ऐकायला शिकला. पेचकस कानाला लावून म्हणायचा, तिसरा वॉल्व्ह, आणि खोललं की तिसराच वॉल्व्ह निघायचा. सिल्लोडपासून जाफराबादपर्यंतच्या जीपा त्याच्या लिंबाखाली रांग लावून उभ्या राहिलेल्या आहेत. लोक त्याला कानाचा मिस्त्री म्हणत. हे नाव त्यानं वीस-पंचवीस वर्षं पोसलं, अन् मग आदिनाथ चाकणची नोकरी सोडून गावाकडं आला.

येऊन त्यानं पहिल्यांदा काय केलं असेल तर कारभारीला विचारलं. "दाजी, तुमच्या समोरची जागा रिकामी हाय. तिथं टाकू का? तुमचा आधार राहील." बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून तो कारभारीला दाजी म्हणायचा, शीतल म्हणते तसंच. कारभारी तोंडानं हो म्हणाला. त्याला वाटलं, पोरगं दर तासाला रस्ता ओलांडून विचारायला येईल, आपण ज्ञान देऊ. झालं उलटंच. आदिनाथनं एक मशीन आणलं. हातात मावेल एवढं, मोबाइलसारखं. गाडीच्या स्टेअरिंगखाली त्याची पिन खुपसायची, की काय बिघडलंय ते पडद्यावर लिहून येतं. नव्या गाड्या कारभारीच्या लिंबाला वळसा घालून पलीकडं उभ्या राहू लागल्या.

आदिनाथ रोज दहा वाजता टपरीवरून स्वतः दोन ग्लास चहा आणायचा. एक आपला, एक रस्ता ओलांडून कारभारीचा. "दाजी, चहा." आणि कारभारी रोज एक घोट घेऊन म्हणायचा, "साखर कमी हाय." एक दिवस चुकला नाही की त्यानं हे म्हटलं नाही. आदिनाथ हसून म्हणायचा, "उद्या सांगतो त्याला." दोन वर्षं हे असंच चाललं होतं.

जळायला मोठं कारण लागतं असं थोडंच आहे? शीतलकडं वॉशिंग मशीन आलं, ते कारभारीला लागलं. आदिनाथच्या पाटीवर रात्री दिवे लागतात, ते लागलं. पण सगळ्यात खोल लागलं ते सासूचं बोलणं. सासू सगुणाबाई, शेलूदच्या पुढं एका वाडीत राहायच्या. एकदा कुणा पाहुण्याला जावई सांगत होत्या. "आमचे धाकटे जावई इंजिनेर हायेत." "अन् थोरले?" "थोरले व्हय? ते गाड्या दुरुस्त करत्यात." कारभारी तेव्हा पडवीत पान लावत बसला होता. चुना हातातच राहिला. अरे, दोघं एकच काम करतो ना आम्ही, असं त्याच्या ओठावर आलं होतं, पण जावयानं सासूला असं विचारायचं कसं?

तेव्हापासून दैवशालानं माहेरचं नाव काढलं की हा ताटावरून उठायचा. ती बिचारी सरळ बाई. बहिणीचं बरं चाललंय म्हणून देवाला साखर ठेवणारी. ती म्हणायची, "अवो, तुमच्यावानी कान कुणाला हाय? कशाला उगीच रक्त आटवता?" कारभारी म्हणायचा, "मला काय पडलंय?" अन् दुसऱ्या दिवशी लिंबाच्या आरशाचा कोन बोटानं नीट करायचा.

तर हे सगळं असताना वैशाखात रखमाजी आला.

रखमाजी सगुणाबाईंच्याच वाडीतला. गावचा जावई तो सगळ्या गावाचा जावई, त्यामुळे रखमाजीला हे दोघंही दाजी. थोरले दाजी आणि धाकटे दाजी. त्याच्याकडं दुधाची पिकअप होती, दीड-दोन वर्षांपूर्वी घेतलेली, नव्या बनावटीची. पहाटे पाचला निघायचं, आठ-दहा वाड्यांवरचे दुधाचे कॅन उचलायचे, अकराच्या आत भोकरदनच्या केंद्रावर उतरवायचे, मग परतीच्या वाटेला पेंडीची पोती टाकत घरी. त्या दिवशी पेंड मिळायला उशीर झाला आणि दुपारी एकच्या सुमाराला त्यानं गाडी लिंबाखाली लावली.

"थोरले दाजी, गाडी दम टाकून राह्यली," तो म्हणाला. "निघताना बराबर असती. चार वाड्या झाल्या की समोर पिवळा दिवा लागतो, अन् मंग कितीबी दाबा, बैलगाडीवानी चालती. चढावर तर मानच टाकती."

कारभारीनं पेचकस लावला, कान लावला, डोळे मिटले. इंजिन ठणठणीत होतं, चारी सिलेंडर एका तालात. "इंजिनाला कायबी झालं न्हाई," तो म्हणाला. "हे मागचं दुखणं हाय, सायलेन्सरकडचं."

"आधी दोन घास खाऊन घेऊ, मंग पाहा," असं म्हणत रखमाजीनं गाडीखाली हात घातला आणि स्टीलचा डबा काढला. झुणका, ठेचा आणि भाकर. कारभारीनं भाकरीचा तुकडा मोडला आणि थबकला.

"रख्मा, ही भाकर गरम कशी रे? पाचला निघतो न तू?"

"सायलेन्सरची माया हाय, दाजी!" रखमाजी खूश झाला. "गार भाकर घशाखाली उतरत न्हाई माझ्या. खाली तारेचा आकडा केलाय, डबा तिथं टांगतो. एक वाजताबी तव्यावरची लागती का न्हाई? पंधरा दिस झाले ही आयडिया काढून."

"अन् दिवा कवापासून लागतो?"

"तेच की, पंधरा-वीस दिस झाले असतील," म्हणून रखमाजीनं ठेच्यात घास बुडवला.

कारभारी उठला. गुडघ्यावर हात टेकून गाडीखाली वाकला. नव्या गाडीच्या सायलेन्सरात काजळी अडवायची एक जाळी असते. जाळी भरली की गाडी धूर तापवून ती काजळी आपणच जाळून टाकते. धूर किती तापला हे कळायला नळीत बोटाएवढा एक सेन्सर खुपसलेला असतो, त्याची वायर गाडीच्या कॉम्प्युटरकडं जाते. सेन्सरकडून वेडंवाकडं काही आलं की कॉम्प्युटर घाबरतो, दिवा लावतो अन् गाडीची ताकद कमी करून टाकतो. हे सगळं कारभारीला ठाऊक होतं. सांगितलं कुणी होतं? आदिनाथनंच, याच सीटवर बसून, चहा पिता पिता, काडीनं मातीत चित्र काढून.

तारेचा आकडा सेन्सरच्या वायरीला अडकला होता. डबा टांगला की त्याच्या वजनानं वायर खाली ओढली जात होती आणि डब्याच्या काठाला घासत होती. डबा काढला की वायर परत वर, आडव्या पट्टीच्या मागं जाऊन बसत होती. आकडा बोटानं खाली ओढला तेव्हा कारभारीला दिसलं, वायरीवरचं कव्हर घासून गेलंय आणि मोहरीएवढं तांबं चमकतंय. असं नेमकं दुखणं सापडलं की त्याला अजूनही विशीतल्यासारखं व्हायचं. तो उठून सांगणारच होता.

"पाहा बघा नीट," मागून रखमाजी भरल्या तोंडानं म्हणाला. "न्हाई कळलं तर काय वांधा न्हाई. धाकट्या दाजींचं मशीन दोन मिनिटात सांगतं म्हणत्यात."

कारभारी तसाच वाकलेला राहिला. मग उठला, हात पुसले.

"तर मंग मशीनलाच इचार," तो म्हणाला.

फार नाही, एकच दिवस. मनाशी त्यानं असंच ठरवलं होतं. एकदा त्या मशीनचं नाक कापलं जाऊ दे, मग आपण रस्ता ओलांडून जाऊ आणि बोटानं दाखवू. रखमाजी जेवला, रिकामा डबा कॅबिनमध्ये टाकला आणि पलीकडं गेला. कारभारी आरशासमोर बसला.

मशीननं खरंच दोन मिनिटांत सांगितलं. धुराच्या तापमानाचा सेन्सर, सर्किटमध्ये बिघाड. आदिनाथनं नवा सेन्सर मागवून दुसऱ्या दिवशी बसवला, गाडी राजूरच्या रस्त्याला पळवून आणली, दिवा लागला नाही. कसा लागणार? डबा खाऊन झाला होता. रखमाजी हॉर्न वाजवत गेला. तो हॉर्न कारभारीला असा लागला की त्यानं हातातला पाना आपटला.

पण तिसऱ्या दिवशी पिकअप परत आली, अन् कारभारीच्या जिवाला काय गारवा वाटला म्हणून सांगू! त्या दिवशी तो चहाला 'साखर कमी' म्हणाला तेसुद्धा हसून. आदिनाथनं दुसरा सेन्सर टाकला. गाडी पुन्हा आली. त्यानं वायर वरपासून खालपर्यंत तपासली, पण ज्या जागी घासली होती ती जागा पट्टीच्या मागं चिखलात दडलेली, अन् तारेचा आकडा त्याला वायर बांधायलाच केलेला वाटला. रखमाजी यायचा तो दुपारी, पोती टाकून, जेवून, आणि त्याची गाडी पलीकडच्या गॅरेजात अगदी शहाण्यासारखी वागायची. आदिनाथनं त्याला डिझेल विचारलं, पाणी विचारलं, रस्ता कसला ते विचारलं. भाकर कुठं ठेवतोस हे कोणता मिस्त्री विचारतो?

सातव्या-आठव्या दिवशी आदिनाथ चहा घेऊन आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. ग्लास देऊन तो तिथंच उकिडवा बसला.

"दाजी, एकदा कान लावून पाहता का? मला काही सुधरंना. मशीन एक म्हणतं, गाडी एक करती."

आता, तुम्हीच सांगा, ही वेळ होती का नव्हती? माणूस आपण होऊन दारात आला होता. कारभारीनं चहाचा घोट घेतला. त्याला सगुणाबाईंचा आवाज ऐकू आला, इंजिनेर हायेत.

"आमच्या कानाला सेन्सर ऐकू येत न्हाई, पाव्हणं," तो म्हणाला. "अन् साखर कमी हाय."

आदिनाथ उठला आणि गेला. तो रस्ता ओलांडताना कारभारीनं आरशात पाहिलं नाही. पहिल्यांदाच पाहिलं नाही.

दरम्यान अधिक महिना लागला. तीन वर्षांनी येतो तो, आणि येतो तो जावयांचाच असतो. सासूनं जावयांना बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. सगुणाबाईंचा निरोप आला, दोन्ही जावई एकाच दिवशी या. निरोप सांगता सांगता दैवशालानं दुसरंही सांगितलं. शीतलचा फोन आला होता. ती रडत होती. आदिनाथ दोन दिवस नीट जेवला नव्हता. रखमाजीचं दूध एकदा वाटेतच नासलं, ओढ्यात ओतावं लागलं. केंद्रवाल्यानं बजावलं, पुन्हा उशीर झाला तर तुझी दूध आणायची वाट दुसऱ्याला देतो. आणि रखमाजी वाडीत सांगत फिरत होता, धाकट्या दाजींचं नुसतं मशीनच मोठं. एका गाडीनं नाव गेलं म्हटल्यावर आणखी दोन गिऱ्हाइकं परस्पर जालन्याला गेली होती.

"चाकणला परत जातो म्हणतेत," दैवशाला म्हणाली. "पोरीनं आत्ताशी घर लावलंय हो. तुम्ही एवढे कानाचे मिस्त्री, जरा पाहत का न्हाई?"

कारभारी आनंदला. खोटं कशाला बोलू, आनंदलाच. चाकण! म्हणजे समोरची जागा रिकामी, पाटीवरचे दिवे बंद, आणि सगुणाबाईंना राहिला एकच जावई जवळचा. पण रात्री अंथरुणावर त्याला ओढ्यात ओतलेलं दूध दिसायला लागलं. उद्या सांगू, त्यानं ठरवलं. उद्या उजाडलं, आणि आता सांगितलं तर इतके दिवस का नाही सांगितलं, हे कुणी विचारलं तर काय, हा नवा पेच उभा राहिला. खोटं एकदा बोललं की त्याला रोज खाऊ घालावं लागतं. मग त्यानं सांगितलंच नाही.

धोंड्याच्या दिवशी दोघं साडू आपापल्या बायकांना घेऊन नऊ वाजताच वाडीवर पोचले. पडवीत सतरंजी टाकलेली, आत पुरणाचा वास, अंगणात मोसंबीचं एक झाड. सगुणाबाईंनी दोघांचे पाय धुतले. कारभारीनं नीट पाहिलं, आधी पाणी कुणाच्या पायावर पडतंय. त्याच्याच पडलं. पण टॉवेल? टॉवेल त्यांनी दोघांना एकदमच दिला. आदिनाथचं कशातच लक्ष नव्हतं. तो खाली मान घालून सतरंजीची दशी ओढत बसला होता.

साडेनऊचा सुमार असेल. ओढ्याच्या चढावरून गाडी घरघरल्याचा आवाज आला आणि बंद पडला. पाठोपाठ रखमाजी धावत अंगणात आला.

"दाजी, गाडी चढंना! दिवा लागलाय अन् गाडी जागची हलंना. बारा कॅन भरलेत मागं. आज उशीर झाला तर माझी वाट गेली हो!"

तो आदिनाथकडं पाहून बोलत होता. आदिनाथ उठला. आता हा मशीन आणायला पळेल असं कारभारीला वाटलं. पण आदिनाथनं सासूकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं आणि सगळ्यांच्या देखत कारभारीपुढं हात जोडले.

"माझी हद्द झाली, दाजी. मला न्हाई जमलं. तुम्ही पाहा, तुमच्याशिवाय हे कुणाला सापडायचं न्हाई."

अहाहा! दोन वर्षं ज्या घटकेची वाट पाहिली ती ही घटका. सासू दारात, मेहुणी खिडकीत, शेजारची चार माणसं कुंपणाला. कारभारी सावकाश उठला. धोतर नेसून आला होता, ते सावरलं. ओढ्याच्या चढावर पिकअप वाकडी उभी होती. लोक मागोमाग आले. त्यानं पेचकस मागवला, उगीचच इंजिनला लावला, डोळे मिटून मान हलवली. मग मागं गेला, खाली बसला, हात घातला आणि आकड्यावरचा डबा काढून सगळ्यांसमोर धरला.

"हा घे तुझा रोग," तो म्हणाला.

आदिनाथ त्याच्या शेजारी झोपून गाडीखाली सरकला. कारभारीनं आकडा ओढून वायर दाखवली. ते मोहरीएवढं तांबं आता जवारीएवढं झालं होतं. आदिनाथनं पाहिलं आणि त्याच्या तोंडून "आयला!" एवढंच निघालं. पडल्या पडल्या तो हसायला लागला, अगदी मोकळं, आजार उतरल्यासारखं. "भाकर! दाजी, भाकर! मी दोन सेन्सर बदलले हो!" त्यानं खिशातली टेप काढून वायर गुंडाळली, पट्टीला वर बांधली, तारेचा आकडा तोडून ओढ्यात फेकला. गाडी चालू केली. थोड्या वेळानं दिवा विझला आणि पिकअप एका दमात चढ चढून वर गेली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगुणाबाई म्हणाल्या, "मशीनं लाख येतील, आमच्या थोरल्या जावयाचा कान यायचा न्हाई." हे त्या मोठ्यानं, चारचौघांत म्हणाल्या. कारभारीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

रखमाजी गाडीतून उतरून परत धावत आला आणि त्यानं कारभारीचे पाय धरले. माणूस भोळा, पोटात काही न ठेवणारा.

"दाजी, धन्य हाय तुमची! मी म्हणलं का न्हाई, थोरल्या दाजींच्या नजरेतून सुटत न्हाई म्हणून? त्या दिवशी लिंबाखाली तुम्ही बराबर इचारलं व्हतं, भाकर गरम कशी? अन् मंग खाली वाकून, आकडा ओढून पाहिलं व्हतं. मला येड्याला काय कळतंय! तुम्हाला तवाच कळलं असंल!"

"कवा?" आदिनाथनं विचारलं.

"पहिल्याच दिशी की. तुमच्याकडं यायच्या आधी. दोन हप्ते झाले." असं म्हणून रखमाजी गाडीकडं पळाला, त्याला दुधाची घाई होती.

गाडीचा आवाज दूर गेला. आदिनाथच्या हातात टेपचं रीळ होतं. ते तो नखानं उगीच सोलत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच होतं, काढायचं विसरल्यासारखं. कारभारीला काहीतरी बोलायचं होतं. मी सांगणारच होतो, एकाच दिवसाची गोष्ट होती, असं काहीतरी.

"चला, पानं वाढलीत," आदिनाथ म्हणाला आणि पुढं चालू लागला.

जेवणं झाली. सगुणाबाईंना यातलं काही उमगलं नव्हतं, त्या हरखल्या होत्या. धोंड्यावर तुपाची धार धरली ती आधी कारभारीच्या पानात, अन् हात आखडता न घेता. वाणाचं चांदीचं निरांजन आणि तेहतीस अनारसे, तेही आधी त्यालाच. "मान थोरल्याचा," त्या म्हणाल्या. दोन वर्षं जे हवं होतं ते सगळं त्या पानात वाढलं होतं. कारभारीनं धोंडा मोडला, आणि मोडलेला तुकडा तुपात नुसता फिरवत राहिला. दैवशाला वाढायला आली. तिनं त्याच्याकडं न पाहता विचारलं, "तुम्हाला म्हाईत व्हतं?" आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या पानाकडं गेली.

निघताना आदिनाथ सासूच्या पाया पडला. मग कारभारीसमोर आला, हात जोडले, नेहमीसारखेच.

"येतो, मिस्त्री."

"अगं बाई!" सगुणाबाई हसल्या. "दाजी सोडून मिस्त्री कुठून काढलं आज?"

"मिस्त्रीच हायेत, मामी," आदिनाथ म्हणाला. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "भाकरीवरून दुखणं ओळखलं त्यांनी. एवढा मोठा मिस्त्री मी चाकणलाबी पाहिला न्हाई."

आदिनाथ चाकणला गेला नाही. वाट राहिली म्हणून रखमाजीनंच आता सगळ्या तालुक्यात सांगितलं, धाकट्या दाजींनी मोठ्या मनानं हार कबूल केली म्हणून माझी गाडी चालली. गिऱ्हाइकं परत आली. कानाच्या मिस्त्रीचंही नाव वाढलं, कुणी ना कुणी भाकरीची गोष्ट ऐकायला लिंबाखाली थांबायचा. कारभारी ती सांगत नसे.

धोंड्याच्या दुसऱ्या दिवशी दहा वाजता तो आरशासमोर बसला होता. आदिनाथ टपरीवरून निघाला. त्याच्या हातात एकच ग्लास होता. तो आपल्या दारात बसला आणि प्यायला लागला. कारभारीनं थोडा वेळ वाट पाहिली. मग न राहवून उठला आणि रस्त्याच्या काठाला येऊन ओरडला, "आज चहा न्हाई का, पाव्हणं?"

"सांगतो की, मिस्त्री," आदिनाथ पलीकडून म्हणाला, आणि त्यानं टपरीकडं हात केला.

चहा आला. टपरीवाल्यानं आणला, सीटवर ठेवला आणि गेला. कारभारीनं एक घोट घेतला. साखर कमी होती, पण ते सांगायला समोर कुणी नव्हतं.